चषकरावांची विशेषणं

चषकरावांचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि ते तिथंच राहिलं. गल्लीसाठी ते चषकराव. दुकानात चषक, ढाली, पदकं नुसती ठासून भरलेली. पण या माणसाला स्वतःला आयुष्यात एकही बक्षीस मिळालेलं नव्हतं, पोत्याच्या शर्यतीत उत्तेजनार्थसुद्धा नाही. त्याचं त्यांना काही वाटत नसे. बक्षीस विकणारा तो शहाणा आणि घेणारा तो हौशी, असं त्यांचं साधं गणित होतं.

धंद्याची रीत अशी, की चषकाची किंमत वेगळी आणि त्याच्या पितळी पट्टीवर जे कोरायचं त्याचे पैसे अक्षरामागे. कोरायचं काम मागच्या खोलीत त्यांची बायको करायची, विजेच्या कोरणीने, हाताने. तिचं अक्षर इतकं देखणं, की लोक मोठमोठी चकाचक दुकानं सोडून इथे यायचे. खरं सांगायचं तर दुकान त्या एका मनगटावर चाललं होतं. पुढे गोड बोलायला चषकराव, मागे राबायला ती. ही वाटणी कुणी केली, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं.

मग कार्डाचं मशीन आलं. हौसेने नाही हो! क्लबवाले, शाळावाले, कंपनीवाले "कार्ड चालतं का?" म्हणून विचारायचे आणि नाही म्हटलं की हातातला चषक खाली ठेवून चालू पडायचे. मशीन बसवायला आलेल्या टायवाल्या माणसाने सगळ्या सह्या घेऊन झाल्यावर हळूच सांगितलं, "काका, दर बिलामागे शेकडा दोन कापले जातील."

"गिऱ्हाइकाचे ना?"

"तुमचे."

"मग मी ते गिऱ्हाइकाच्या बिलात चढवतो."

"तसं चालत नाही, काका. करारात लिहिलंय. तक्रार आली तर मशीन उचलून नेतो आम्ही."

चषकरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चषक मी विकायचा, पट्टी बायकोने कोरायची, आणि या डबड्याने नुसतं टिंग करून मधल्यामधे आपला हिस्सा उचलायचा! चार दिवस ते मशीनकडे, फुकट जेवून वर मुक्काम लांबवणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसे बघत राहिले. मग पोहण्याच्या क्लबचे सेक्रेटरी आले. त्यांना पट्टीवर 'उत्कृष्ट जलतरणपटू' हवं होतं आणि त्यांच्या हातात कार्ड होतं.

"नुसतं उत्कृष्ट?" चषकराव कळवळून म्हणाले. "साहेब, उत्कृष्ट काय गल्लीबोळात सापडतात. पोरगं जिवाचं रान करून पोहलं असेल. सर्वोत्कृष्ट करू या. आणि त्याआधी 'जिद्दी व' घालू या. शोभून दिसेल."

सेक्रेटरी विरघळले. मशीनने टिंग केलं आणि चषकरावांनी मनातल्या मनात त्याला वाकुली दाखवली.

तेव्हापासून नियम ठरला. रोख देणाऱ्याला नुसतं नाव, कार्ड काढणाऱ्याला विशेषण. कार्ड जितकं चकचकीत, तितकं विशेषण लांब. एका कचेरीतला निवृत्त होणारा कारकून, जो जन्मात कधी वेळेवर आला नाही, तो 'कर्तव्यदक्ष, निष्ठावान व मनमिळाऊ' होऊन बाहेर पडला. कुत्र्यांच्या स्पर्धेत पहिला आलेला कुत्रा 'चारित्र्यसंपन्न' झाला. लोकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात चषकरावांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि महिनाअखेर मशीनने कापलेलं सगळं वसूल होऊन वर चहाचा खर्च सुटायचा. स्वारी खूश होती.

आता ही विशेषणं कोण कोरत होतं? ते म्हणे त्यांच्या लक्षातच आलं नाही. अहो, लक्षात कसं येणार नाही? मध्ये भिंतसुद्धा नव्हती, नुसता पडदा होता. पडद्यापलीकडे कोरणीची घरघर पूर्वी दुपारी थांबायची, ती आता दिवे लागले तरी चालू असायची.

"मनगट ठणकतंय हो," ती म्हणायची.

"तेल लाव," हे म्हणायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला 'अष्टपैलू' विकायला जायचे.

एके दिवशी शाळेच्या ढालीवर 'सर्वोत्कृष्ट' कोरता कोरता तिच्या हातातून कोरणी निसटली आणि पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा गेला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. चषकराव आत गेले तर ती उजवं मनगट डाव्या हातात धरून बसली होती आणि तिला पेला उचलता येत नव्हता. तेव्हा कुठे ते दुकानाला कुलूप लावून तिला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, पट्टा बांधला आणि स्पष्ट सांगितलं, "कोरणी बंद. असंच रेटत राहिलात तर या हाताने पुन्हा काही कोरता येणार नाही."

बाहेर पैसे घेणाऱ्या बाईपुढे चषकरावांनी कार्ड धरलं. ती मान वर न करता म्हणाली, "कार्डाने देणार असाल तर शेकडा दोन जास्त पडतील."

चषकराव भडकले. "जास्त? कसले जास्त? करारात मनाई आहे! आजारी माणसांना लुबाडता? मी तक्रार करतो, तुमचं मशीन उचलायला लावतो!" खोकणारे पेशंटसुद्धा खोकायचे थांबले. बायकोने डाव्या हाताने कशीबशी पर्स उघडली, नोटा काढून टेबलावर ठेवल्या आणि जिना उतरू लागली.

अर्ध्या जिन्यात ती थांबली. "त्या बाईने निदान ज्याच्या हातात कार्ड होतं त्याच्याकडे मागितले," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याकडून घेतलेत."

"तुझ्याकडून? अगं, मी गिऱ्हाइकाकडून काढत होतो!"

"गिऱ्हाइकाने पैसे दिले. अक्षरं कुणी दिली?"

 चषकरावांना लाज वाटली, अगदी खरी. तिचा हात धरून खाली न्यावं असं वाटलं, पण कुठला हात धरावा तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी ती गल्ल्यावर जाऊन बसली. "तुम्ही मागे."

"मला कोरता येत नाही."

"शिका. मलाही जन्मतः येत नव्हतं."

चषकरावांनी पट्ट्यांमागून पट्ट्या वाया घालवल्या. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, बोटांना फोड, कमरेचा काटा ढिला. संध्याकाळी ती पडद्याआड येऊन रेष कुठे चुकली ते दाखवायची, रागावायची नाही, आणि तेच त्यांना जास्त लागायचं. तिकडे गल्ल्यावर मशीनचा प्रश्न तिने एका सकाळीत मिटवला होता. सगळ्या चषकांच्या किमतीच्या चिठ्ठ्या बदलून थोडं थोडं वाढवलं. कुणी हूं की चूं केलं नाही.

हळूहळू तिच्या मनगटाची सूज उतरली आणि यांचं अक्षर निदान वाचता येऊ लागलं. तशात एका हाउसिंग सोसायटीचे अध्यक्ष आले. मुदत संपत होती, स्वतःच्या निरोपाची ढाल स्वतःच करवून घेत होते. कार्ड पुढे करून म्हणाले, "वहिनी, 'मावळते अध्यक्ष' एवढंच लिहा. बाकी काही नको."

पडद्याआड चषकरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. एवढं एक झालं की आज हात मोकळे.

"एवढंच?" बायकोचा आवाज आला, मधात घोळलेला. "भाऊसाहेब, इतकी वर्षं सोसायटीसाठी झिजलात, आणि नुसतं मावळते?"

अध्यक्ष घुटमळले. "म्हणजे, आणखी काय काय लिहिता येईल?"

"तुम्ही बसा तर आधी," ती म्हणाली. "सुचेल तेवढं सगळं सांगा. कोरणारा माणूस मागे रिकामाच बसलाय."