बेटाबेटांतून आलेले निरोप

माझा थोरला भाऊ पॅसिफिकमधल्या लहान लहान बेटांना धान्य पोचवणाऱ्या जहाजावर कामाला आहे. मोठ्या बेटावर परतल्याशिवाय त्याच्या फोनला रेंज येत नाही. तोवर तो निरोप बोलून ठेवतो आणि मग ते सगळे एकदम माकणीला आमच्या घरी येतात.

यंदा ते आले तेव्हा वडिलांचा दहावा होऊन गेला होता. त्याच्या जागी अग्नी मीच दिला होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

आईजवळ बसून मी पहिला निरोप लावला. "दादा, इथं धक्काच न्हाय. तांदळाची पोती होडीतनं न्यावी लागतात. तुमची बैलगाडी पाण्यात चालली असती तर लई बरं झालं असतं." वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. आई हसली आणि हसता हसता रडली.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. घरात कॉलेजात जाणारा मीच, म्हणून सांगायचं माझ्यावर होतं. पण मी फोन आईपुढं धरला. आईनं फोन घेतला.

"जमिनीवर हाईस का? जवळ कुणी हाय?"

"व्हय, सोबती हाय. दादांना दे की."

"मग आधी खाली बस, लेकरा," आई म्हणाली.