चिकूचं मशीन आणि सासूबाईंची ताटी

चिकू सोलताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं. म्हणून आमच्या आशागडच्या चिप्सच्या युनिटमध्ये चिप्सपेक्षा किस्सेच जास्त निघतात! विसरायच्या आधी चार लिहून ठेवते.

२०१६ साली आमच्या गुजराती शेठने फोडी वाळवायचं मशीन आणलं. पहिल्याच दिवशी चिकूच्या फोडी पत्र्याच्या ट्रेला अशा चिकटल्या की आम्ही उलथन्याने खरवडत बसलो. शेठ म्हणाला, “बेन, चिप्स काढते की भिंतीचा रंग?” सगळ्या हसल्या. मग म्हणाला, “महिन्यात जमलं नाही तर मशीन परत, युनिट बंद!”

माझं हसू तिथेच गेलं. सोनू दोन वर्षांची, घर पाच मिनिटांवर. युनिट बंद म्हणजे मला गुजरात बॉर्डरपलीकडच्या कंपनीत जावं लागणार, पहाटे निघून अंधार पडल्यावर यायचं. पोरगी मला मावशी म्हणायला लागली असती!

*

वापीहून इंजिनिअर आला. लॅपटॉप उघडला, पंखा वाढवला, तरी फोडी खालून ओल्याच. आमची रमाबाई धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यातली, जन्मभर बोंबील वाळवलेली. तिने मशीनमध्ये डोकं घातलं.

“साहेब, खालून वारा कुठे आहे? बोंबील आम्ही पत्र्यावर नाही ठेवत, दोरीवर टांगतो.”

“मग काय चिकू टांगू?”

“टांगा की! तुमची डिग्री नाही का भिंतीला टांगली?”

*

मी घाबरत म्हटलं, “माझ्या सासूबाई वाळवणासाठी बांबूच्या पट्ट्यांची जाळीदार ताटी विणतात. तिच्यावर काही चिकटत नाही.” बोलून तर बसले. नाही जमलं तर पहिली मीच घरी!

दुसऱ्या दिवशी घरातली ताटी उचलून नेली. फोडी अलगद सुटल्या! इंजिनिअर ताटी घेऊन थेट घरी आला. स्टीलच्या तारेत असंच विणून घेणार म्हणाला. एकेक पट्टी मोजायला लागला, तशा सासूबाई म्हणाल्या, “मला बघायला आले होते तेव्हा एवढं नव्हतं कोणी निरखलं!”

*

तारेचे चाळीस ट्रे आले. चाळीसही ट्रेंना मधोमध खड्डा!

तो कुठून आला ते मला बघताच कळलं. आमच्या ताटीला खड्डा होता, कारण सोनू रोज तिच्यात बसून जेवायची. इंजिनिअरने तोही मापून उतरवला होता!

घरी येऊन सासूबाईंना विचारलं, “सांगू का खरं?”

“आधी चिप्स वाळू दे.”

वाळल्या! खालून, वरून, मधून, सगळ्या कुरकुरीत. शेठने पेढे वाटले, युनिट राहिलं. पाहुणे आले की इंजिनिअर ट्रे उचलून दाखवायचा, “हा खोलगट आकार बघा. हवा इथून फिरते. जुन्या लोकांचं शास्त्र!” रमाबाई माझ्याकडे बघायची, मी चिकूकडे.

*

पुढच्या वर्षी शेठने मोठं मशीन घेतलं. इंजिनिअर मोठ्या ताटीचा नमुना घ्यायला घरी आला. सासूबाईंनी विणून ठेवली होती, सपाट, सुंदर. त्याने टेप लावली, हात फिरवला, चेहरा पडला.

“मावशी, मधला खोलगटपणा कुठे आहे?”

आता सांगूनच टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “थांबा साहेब, काम अजून बाकी आहे.”

आणि अंगणाकडे बघून ओरडल्या, “सोनू! खेळ पुरे. ये, बस!”