अर्थिंगच्या बोल्टवरचा रंग

गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढं सगळी फजितीच सांगायची आहे. खरं नाव बहुधा बायकोही विसरली असेल; सगळे त्याला करंट म्हणत. गाडी उघडली की आधीच्या कारागिराची सात पिढ्यांची कुंडली मांडायची आणि मगच पक्कड हातात घ्यायची, अशी त्याची रीत. एरवी माणूस वाईट नव्हता. जीभ तेवढी सैल.

बर्फाच्या कारखान्याची जुनी पिकअप तोच सांभाळायचा, आणि ती चालवायचा त्याचा साडू. साडू म्हणजे मुलखाचा अबोल. दुपारी टाकी भरून निघालेली गाडी संध्याकाळी दिवे लावून परतायची, तेव्हा डिझेलचा काटा तळाला टेकलेला असायचा. चार दिवस हेच पाहून मालकाच्या मनात पाल चुकचुकली. साडू म्हणाला, टाकीत काठी घालून बघा. मालकानं काठीऐवजी करंटला बोलावलं.

करंट आला भरदुपारी. चावी फिरवली, काटा झोकात वर गेला. भोवती हमाल जमलेले. एवढी माणसं समोर असताना गप्प बसेल तर तो करंट कसला! म्हणाला, "मीटर बरोबर आहे. मीटरला खोटं बोलता येत नाही, माणसाला येतं."

हमाल हसले. साडूनं चावी मालकाच्या हातात ठेवली आणि घर गाठलं.

आठवड्यानं मालकाचा पुन्हा निरोप. आता गाडी तो स्वतः चालवत होता, आणि काटा तरीही संध्याकाळी तळाला. मीच माझं डिझेल चोरतो की काय, असं त्यानं विचारलं. करंट या वेळी दिवेलागणीला गेला. दिवे लावले, काटा पडला. विझवले, वर आला. गाडीखाली शिरायच्या आधीच त्याला कळलं होतं.

मागच्या दिव्यांची आणि टाकीत तरंगून काटा हलवणाऱ्या फ्लोटची अर्थिंगची वायर एकच, चासीला बोल्टनं आवळलेली. बर्फाच्या पाण्यानं तिथं गंज धरायचा, म्हणून दोन महिन्यांपूर्वी यानंच तो खरवडून वर चंदेरी रंगाचे दोन हात मारले होते. काम कसं देखणं दिसायला हवं! आणि वायर बसवली त्या रंगावर. रंगातून वीज वाहत नाही, हे रंगाऱ्यालाही ठाऊक असतं. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम वाट होती, तीही गंजत चाललेली; एकट्या काट्यापुरती ती पुरायची, दिवे लागले की अपुरी पडायची. त्यानं पॉलिश पेपरनं लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळला. दिवे लावले तरी काटा जागचा हलेना.

काय होतं, मालकानं विचारलं. "फ्लोट अडकला होता," करंट बोलून गेला.

त्या रात्री जेवताना बायको आपल्या धाकट्या बहिणीचं रडगाणं सांगत होती, आणि हा ताटात बोट फिरवत बसला. सकाळी उठून साडूच्या दारात गेला. मेहुणीनं "या भावजी" म्हणत पाणी दिलं. तो तांब्या त्याला मणभर जड झाला. साडू दोरीवर कपडे वाळत घालत होता. करंटनं त्याच्या पाठीकडे बघत सगळं सांगितलं.

साडूनं शर्ट झटकला, चिमटा लावला. "हे मला कशाला सांगता? मी चोर नाही, हे मला माहीतच होतं."

करंट तडक कारखान्यात गेला, हमाल जमेपर्यंत थांबला आणि रंगापासून फ्लोटच्या थापेपर्यंत सगळं ओकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बोलण्यावर कुणी हसलं नाही. मालकानं साडूला बोलावून घेतलं, चावी दिली, चार शब्द पुटपुटला.

पहिली फेरी बाजाराकडे, करंटच्या दुकानावरूनच जाणारी. साडूनं शेजारचं दार उघडून धरलं. पण पुढं बसायला करंटला तोंड नव्हतं. तो मागं हौद्यात चढला आणि बर्फाच्या लाद्यांवर, ओल्या गोणपाटावर, दुकान येईपर्यंत बसून राहिला.