मंदाबाई तीरथाला जात नाहीत

जानेवारीतलं धुकं रायपूरच्या पुरानी बस्तीच्या कौलांवर बसलं होतं ते उठायचं नाव घेत नव्हतं. आठ वाजून गेले तरी गल्लीच्या टोकाच्या देवळाचा कळस दिसत नव्हता. मंदाबाई धोटे मात्र पहाटेपासून गच्चीवर. सासूचं जुनं लुगडं अंथरलेलं, पुढ्यात परात, आणि परातीत रखियाचा कीस नि वाटलेली उडदाची डाळ. आपल्या कोहळ्याला इकडे रखिया म्हणतात. मिश्रण फेटून फेटून त्यांचा खांदा भरून आला होता. चिमूटभर गोळी त्यांनी वाटीतल्या पाण्यात टाकली. तरंगली. मग लुगड्यावर टपाटप बड्या, म्हणजे आपले सांडगे, पडू लागल्या.

"दीदी, घाम तो निकला नहीं, सूखेगी कैसे?" शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी विचारलं. घाम म्हणजे इकडे ऊन.

"दहाले फाटते हे धुकं," मंदाबाईंनी मान वर न करता सांगितलं.

पाऊस, धुकं, वारा या बाबतीत सगळा पारा, म्हणजे अख्खी आळी, त्यांचा शब्द मानायचा. सिंचन खात्यात एकतीस वर्षं नोकरी झाली होती. पावसाळाभर रोज सकाळी आठ वाजता ऑफिसच्या अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या नळीत ओतून मोजायचं आणि वर फोन करून सांगायचं, हे काम त्यांच्याकडे होतं. साहेब बदलले, राज्य बदललं, नळी तीच राहिली. त्यापायी एकतीस पावसाळे बाईंनी रायपूर सोडलं नाही. पाण्याचा हिशोब सगळ्या मुलखाचा, आणि खिडकीतून पाणी दिसेल असं घर काही नशिबी आलं नाही. जन्म गुढियारीतला, बाप मालधक्क्यावर मालबाबू. खिडकीतून दिसायचे ते डबे आणि सिमेंटची पोती. लग्न होऊन पुरानी बस्तीत आल्या, तिथे समोरच्याची भिंत.

दोन हजार साली राज्य वेगळं झालं तेव्हा सगळ्या कर्मचाऱ्यांना विकल्पाचा फॉर्म भरायचा होता: भोपाळ की रायपूर. मंदाबाईंनी भोपाळ लिहिलं. तिथे तलावाच्या काठाला सरकारी क्वार्टरं आहेत असं कोणीतरी सांगितलं होतं. नवरा, रामकृष्णराव, रेल्वेतला शांत माणूस. फॉर्म फाडला नाही, आवाज चढवला नाही. दुसरा कोरा फॉर्म आणला, आपल्या वळणदार अक्षरात 'रायपूर' भरलं आणि पेन पुढे केलं. मंदाबाईंनी सही केली. सासू आजारी होती, पोरगा शिकत होता, कारणं खरीच होती. पण त्या दिवसापासून कोणी त्यांच्यापुढे पेन धरलं की त्या आधी सगळं वाचायच्या, आणि समोरच्याला घाम फुटेस्तोवर वाचायच्या.

रामकृष्णराव गेले. मग एका वर्षी मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला मॉरिशसचे मराठी पाहुणे आले. त्यातली शर्मिष्ठा नावाची शाळामास्तरीण मंदाबाईंकडे दोन दिवस उतरली. तीही विधवा. तिच्या पणज्याचा बाप रत्नागिरीहून उसाच्या मळ्यात गेलेला. मंडळात पुण्याच्या वक्त्याने आधी शर्मिष्ठेचं मराठी सुधारलं, मग मंदाबाईंचं 'मले-तुले' सुधारलं. घरी येऊन दोघी पोट धरून हसल्या. तेव्हापासून दर रविवारी फोन. शर्मिष्ठेच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्या होत्या. खिडकीतून समुद्र. "ये गं, रहा," ती म्हणायची. मंदाबाई निवृत्त झाल्या त्या रविवारी म्हणाल्या, "आली समज."

तिथे राहायच्या परवान्याला महिन्याच्या मिळकतीची अट होती. स्वतःचं पेन्शन, नवऱ्यामागचं पेन्शन आणि या घराचं भाडं, तिन्ही मिळून बाई काठावर पास. भाडं वगळलं की नापास. भाडेकरू मिळाला होता. पण घर मायलेकांच्या नावावर, म्हणून भाडेपट्ट्यावर शिशिरची सही पाहिजे होती. त्यासाठीच आज त्याला बोलावलं होतं.

शिशिर नवा रायपूरच्या मंत्रालयात नोकरीला, राहायलाही तिकडेच. बायकोला, निधीला, घेऊन तो जिना चढून आला तो कागद हातात धरूनच.

"आई, हे काय करून राहिली तू?"

"बड्या."

"बड्या दिसतात मले! हा भाडेपट्टा काय आहे? आमच्या फ्लॅटमध्ये तुझी खोली तयार आहे. रंग दिला, पंखा लावला."

"खिडकी कुठं उघडते तिची?"

निधी हळूच म्हणाली, "पार्किंग में."

"तू कोणाच्या बाजूनं आहेस?" शिशिर तिच्यावर उखडला. मग आईकडे वळला. "तिथं चक्रीवादळं येतात, माहीत आहे न?"

"येऊ दे. मोजीन."

"आजारी पडली तर?"

"इथं पडली तर तू येतोस का? मागच्या आठवड्यात ताप होता, तर तुहा मेसेज आला. हात जोडलेला."

तेवढ्यात जिन्यावर खोकला वाजला. समोरचे दयाराम साहू, सत्तरीचे, मफलर गुंडाळून वर आले. हातात नारळ, त्यावर अकरा रुपये. मंदाबाईंच्या पुढ्यात ठेवून ते वाकलेच.

"तीरथ जावत हव, दीदी? समुंदर पार? बड़े भाग. मोर नाव के एक डुबकी लगा देहू."

मंदाबाई तोंड उघडणार, तोच शिशिर पुढे झाला. "हव कका, तीरथ. तिकडे पण गंगा नावाचा मोठा तलाव आहे, महादेव आहे." दयाराम कान पकडून, हात जोडून खाली उतरले आणि गल्लीत ओट्यावर जमलेल्या बायकांना सांगू लागले.

शिशिरचा चेहरा एकदम उजळला होता. तो आईशेजारी उकिडवा बसला.

"आई, ऐक. मी सही करतो. आत्ता करतो. फक्त लोकांना हेच सांगायचं. तीरथाला गेली, मन रमलं, राहिली. ऑफिसात मले कोणी विचारलं तर मी हेच सांगीन. नाहीतर लोक म्हणतील, पोरानं मायले घराबाहेर काढलं. किंवा म्हातारी सटकली."

धुकं पातळ होत चाललं होतं. मंदाबाईंनी बोटाला लागलेलं पीठ परातीच्या काठाला पुसलं. नाही म्हटलं तरी प्रस्ताव सोपा होता. एक शब्द गिळायचा आणि विमानात बसायचं. कोणाचं काही जात नव्हतं. निधीनेही मान डोलावली, म्हणजे कर आई, संपव.

"एवढंच?" मंदाबाईंनी विचारलं.

"एवढंच."

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. कठड्यापाशी गेल्या आणि पावसाळ्यात कानांनी अधू साहेबाला फोनवर मिलिमीटर सांगायच्या त्या आवाजात ओरडल्या, "दयाराम भैया! ओ भैया! तीरथ नइ जावत हँव! रहे बर जावत हँव! अपन मरजी से!"

तीरथाला नाही, राहायला. गल्ली थबकली. ओट्यावरच्या बायका वर बघायला लागल्या.

"काबर, दीदी?" एकीने विचारलं. कशासाठी?

"मन होथे! पोट्ट्यानं काढलं नाही, देवानं बोलावलं नाही. मले समुद्र पाहिजे, म्हणून जाऊन राहिली! ज्याले म्हातारी सटकली म्हणायचं, त्यानं इथं वर येऊन म्हणावं!"

वर कोणी आलं नाही. दयाराम मफलर सोडून विचारात पडले. मग त्यांनी भीत भीत हाक दिली, "तब... नरियर?"

"नरियर अब वापस नइ मिलय!"

ओट्यावरची एक बाई फिसकन हसली, आणि मग सगळीच गल्ली. दयारामही हसले, पण जरा नारळाकडे बघितल्यासारखे वर बघत.

शिशिर डोक्याला हात लावून बसला होता. "सगळ्या पाऱ्यात बोभाटा केला तू. उद्या ऑफिसात पोचेल."

"आजच पोचंल. तुह्या ऑफिसातला तो चपराशी इथंच राहते."

"तुले काहीच वाटत नाही काय?"

"वाटते न. अठरा वर्षं वाटलं. मीनं तीरथ म्हटलं असतं तर तिथंही मी तुह्या बापाच्या अक्षरातच गेली असती."

शिशिरला त्या फॉर्मची गोष्ट माहीत नव्हती. त्याने विचारलंही नाही. तो कागदाकडे बघत राहिला. निधीने पर्समधून पेन काढलं.

"शिशिर, अब छुपाना किससे है? कर दो ना."

"कर दो म्हणते!" तो पुटपुटला. पण झाकायचं होतं ते तर गल्लीत पसरलं होतं. आता सही अडवून मिळणार होतं ते फक्त आईचं तोंड. ते किती चालतं हे त्याने नुकतंच ऐकलं होतं. त्याने गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. दुसऱ्या पानावर केली. तिसऱ्यावर जोरात केली, तिथे पेन रुतलं.

मंदाबाईंनी कागद घेतला, चष्मा लावला आणि तिन्ही पानं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.

"आता काय वाचतेस? तूच तयार केलाय न तो?"

"थांब. बोलू नको."

वाचून झालं. त्यांनी कागदाची घडी घालून ब्लाऊजमध्ये सरकवली. खाली अंगणात नळाने दोनदा गुरगुर केली आणि धार पडली.

"निधी, या बड्यायवर कावळे येतील, पाहत राय," असं म्हणत मंदाबाई रिकाम्या बादल्या उचलून जिना उतरू लागल्या. पाणी अर्धाच तास असायचं.