लॅपटॉपातल्या शेताची येळवस

माझ्या बायकोनं मागं शेत ठेवलं, ते लॅपटॉपात. आमचं खरं शेत भूकंपानंतर गेलं. गाव पडलं, नवं गाव बसवायला सरकारनं जमीन घेतली, तिच्यात आमचा तुकडा बसला. आज तिथं कुणाची तरी न्हाणी आहे. चांगलं आहे, लोकांना घरं लागतातच. पण ती त्या बाजूला पुन्हा गेली नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो तेव्हा ती निजताना उशाशी तांब्यावर पेला पालथा ठेवायची. जमीन हलली की पेला पडेल, मग पळायचं. पेला मांजरानंच लई वेळा पाडला. पळालो मात्र दर वेळी. झोपेला भ्यायलेली माणसं आम्ही.

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. गल्लीगल्लीत पोरं, घरोघरी खोल्या भाड्यानं. आम्ही मेस घातली. ती भाकऱ्या थापायची, मी सायकलीवर डबे पोचवायचो. लोहा-कंधारच्या पोरी जेवायला यायच्या. ती त्यांना मार्क कधी विचारायची नाही. "औंदा काय पेरलंय गं घरी?" हे विचारायची. पोरींना माहीत नसलं की म्हणायची, "डॉक्टरीण होशील, पण बापाच्या रानात काय हाय ते तरी बघून ये."

भाकरी थापून थापून तिचं मनगट गेलं. माळेगावच्या जत्रेत तिनं चुंबकाचं कडं घेतलं. विकणारा म्हणाला, रक्त पळतं. मी म्हणालो, रक्त पळतंय की तो पळून जाईल ते बघ. ती म्हणाली, "तुमी गप बसा, तुमचं रक्त बसूनच असतंय." कड्यानं फरक पडला म्हणायची. काय की. पण मेस बंद झाल्यावरही कडं हातात असायचं.

लॅपटॉप पोराचा. कॉलेजात असताना अभ्यासाला म्हणून घेतला अन् सगळे गेम खेळला. पाट्यासारखा जड, बटणांखाली लाल-निळे दिवे, पंखा मळणीयंत्रासारखा घोंघावणारा. एका दिवाळीला तो शेतीचा गेम खेळत होता अन् ही मागं उभी राहिली.

"बांधापासून किती जागा सोडलाय बघ त्यो ट्रॅक्टरवाला. तेवढ्यात तुरीच्या दोन ओळी निघतात."

"माय, गेम आहे तो."

"गेम असला म्हणून काय रान पडीक ठेवायचं?"

पोरानं खुर्ची दिली. ती बसली ती बसलीच. नांदेडला नोकरी लागल्यावर पोराला कंपनीचा लॅपटॉप मिळाला, हा तिच्याकडं राहिला. दुपारचं आवरलं की ती रानात. नांगरट, पेरणी, फवारा, सगळं. मी चिडवायचो, "पीक आलं म्हणे? पावशेर तूर दे की मग आमटीला." ती म्हणायची, "खऱ्या रानात तरी तुमी कुठं राबलाव? बांधावर बसून बिड्या ओढलाव." खोटं नव्हतं ते.

येळवस आली की लातूर रिकामं होतं. मार्गशीर्षातली अमावस्या. ज्याला रान आहे तो रानात जातो, कडब्याची खोपटासारखी कोप करतो, आत पांडवांचे पाच दगड मांडतो, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील अन् बाजरीचे उंडे यांचा निवद दाखवतो, मग रानाभोवती आंबील शिंपडत फिरतो. ज्याला रान नाही त्याला दुसरे बोलावतात. आम्हालाही बोलवायचे. ती जायची नाही. "दुसऱ्याच्या रानात जेवायला मी काय पाहुणी हाय?" लॅपटॉपासमोर पाटावर कोप करायची, मुठीएवढी. दगड मांडायची. ट्रॅक्टर रानाभोवती फिरवायची अन् एका हातानं आंबील शिंपडायची, भिंतीवर, माझ्यावर, पण लॅपटॉपावर एक थेंब नाही. मी हसायचो. पण जेवायला पहिला मीच बसायचो.

पावसाळ्यात ती गेली. रान तसंच राहिलं, त्यात तिचा पेरलेला गहू. येळवस जवळ आली तशी मला चुटपुट लागली. ह्या वर्षी ह्या रानाला फेरी कोण घालणार? पोराला फोन केला. त्यानं चालू कसं करायचं ते शिकवलं. चालू झालं. रान दिसलं, गहू पिकलेला. मी हात टेकून बसलो अन् लॅपटॉप झोपला. पडदा काळा, दिवे गेले, पंखा गप. बटण दाबलं, उठला. हात टेकले, झोपला.

पोरानं फोनवर सांगितलं, इथं जा, तिथं टिचकी मार. झोप कधीच नको, असं नेमून दिलं. तरी झोपला. चार्जर बदलला. झोपला. मग पिशवीत घालून दुकानात नेला. दुकानदारानं पंखा झाडला, बचकभर धूळ काढली, मशीन गार ठेवणारा आतला मलम बदलला. दोन दिवस ठेवून घेतला, तिथं एकदाही झोपला नाही.

"काका, मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तुम्हीच कंटाळवाणे दिसताय. तुम्हाला बघून झोपतंय."

त्याची थट्टा मला झोंबली. घरी आणला, बसलो, झोपला. मला वाटलं, तिचं रान आहे, मला घेत नाही. बांधावर बसून बिड्या ओढणाऱ्याला कशाला घेईल?

येळवसेला सकाळच्या बसनं पोरगा आला. लातुरात चिटपाखरू नव्हतं, दुकानं बंद. मी भज्जी केली होती, कोप केली होती. पोरगा लॅपटॉपापुढं बसला. चालला चांगला. मग मी बसलो. झोपला.

"अप्पा, हात उचला." उचलले. त्यानं उठवला. "आता ठेवा." झोपला. "फक्त डावा उचला." उठवला, राहिला जागा.

त्यानं माझ्या स्वेटरची बाही वर सारली. तिथं तिचं कडं.

तिला न्हाऊ घालायच्या आधी बायकांनी ते काढून माझ्या हातात दिलं होतं. तेव्हापासून मी घालत होतो. म्हातारा माणूस बायकोचं कडं घालून हिंडतो म्हणून लोक हसतील, म्हणून बाही कायम खाली. आंघोळीलाही काढत नव्हतो.

पोरानं कड्याला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "ह्याच्या झाकणात चुंबक असतो अप्पा. झाकण मिटलं की खालच्या भागाला कळतं अन् ते झोपतं. तुमच्या कड्यानं त्याला वाटतंय, झाकण मिटलं. काढा ते."

"काढणार न्हाई."

"अप्पा..."

"न्हाई म्हणलं ना. राहू दे तुझा लॅपटॉप झोपलेला."

"मायचंही पहिल्यांदा असंच झालं होतं," तो म्हणाला. "तिनं मला फोन केला होता. मी सांगितलं कडं काढून बस. तेव्हापासून रानात जाताना ती काढूनच ठेवायची. तुम्ही घालताय हे मला कुठं माहीत?"

मला हे ठाऊक नव्हतं. रोज दुपारी मी त्याच खोलीत पडलेला असायचो, पेपर तोंडावर घेऊन. ती कडं काढते, बाजूला ठेवते, काम करते, परत घालते, हे मला कधी दिसलंच नाही.

कडं लवकर निघेना. मनगट सुजल्यासारखं झालं होतं, पोरानं तेल लावलं. निघालं तेव्हा हात एकदम हलका झाला, मला आवडलं नाही ते. मी कडं पोराच्या हातात दिलं. "दारात जाऊन उभा राहा. लांब."

तो दारात उभा राहिला. मी हात टेकले. गहू दिसला अन् दिसतच राहिला. ट्रॅक्टर चालू केला, उजव्या हातात आंबिलीचा तांब्या, डाव्यानं ट्रॅक्टर. तिला जमायचं ते मला कुठून जमायला? वळणावर ट्रॅक्टर भलतीकडंच घुसला.

"अप्पा, शेजाऱ्याचा बांध कोरताय!" पोरगा दारातून ओरडला. "येळवसेच्या दिवशी तरी भांडण लावू नका."

मला हसू आलं. आंबील सांडली, भिंतीवर, पायावर, पार दारातल्या पोराच्या बाहीवर उडाली. त्याच बाहीनं त्यानं डोळे पुसले. ट्रॅक्टर मागं घेतला, बांध धरून हळूहळू फेरी पुरी केली.

पोरगा जवळ आला नाही. तिथूनच मूठ पुढं करून म्हणाला, "झालं ना? घाला आता."

"थांब," मी म्हणालो. "वरच्या कोपऱ्यात तिनं काहीतरी दुसरं पेरलेलं दिसतंय. तेवढं बघून येतो."