देगेपाशी उभ्या खुर्शीदाबाई

ब्रह्मपुरीत किंवा वैनगंगेपलीकडे आरमोरीत मुसलमान घरात लग्न ठरलं, की मांडवाआधी खुर्शीदाबाईंना तारीख विचारली जायची. दावतीची देग, म्हणजे जेवणावळीचा मोठा हंडा, चुलीवर चढवणं हे पुरुषांचं काम. पण वडील बावर्ची होते, भाऊ नव्हता, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं.

देगेपाशी उभं राहून चाखणं हा धंद्याचाच भाग होता. मिठासाठी चमचाभर रस्सा, गोश्त शिजलं का बघायला एक बोटी, पाहुणे उठल्यावर तळाला लागलेली खुरचन. घरी आल्यावर पुन्हा जेवण व्हायचंच, कारण उभ्यानं खाल्लेलं त्या खाण्यात धरतच नव्हत्या. वजन मात्र वाढत गेलं.

१९९८च्या सुमाराला बेंबीपाशी गाठ आली. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, ऑपरेशन लागेल. पण एवढ्या वजनावर टाके टिकायचे नाहीत, आधी वजन उतरवा. मात्र गाठ कडक झाली, उलट्या सुरू झाल्या तर असाल तशा निघून या, जिवावर बेतेल.

शेवटचं वाक्य बाईंच्या मनात रुतून बसलं. त्यांनी जेवणच टाकलं. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी लिंबूपाणी, रात्री अर्धी पोळी. नवरा जाफर सायकलचं दुकान बंद करून आला की ताट घेऊन समोर बसायचा. त्या ते सरकवून द्यायच्या. वजन भराभर उतरलं. केस गळायला लागले. चाखणंही त्यांनी सोडलं. एक चमचा तोंडात गेला तर आपण थांबणार नाही, अशी त्यांना भीती होती.

आरमोरीच्या एका लग्नात देगेचं झाकण उघडायला त्या वाकल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तोल पुढे गेला. मागे कांदा चिरत बसलेल्या रुखमानं धावत येऊन त्यांचा पदर धरला आणि जोरानं मागे ओढलं. झाकण आपटलं, वाफेनं उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

रुखमा जंगलाकडच्या गावातली, कित्येक वर्षं त्यांच्यासोबत कामाला येणारी. बाईंना सावलीत बसवून तिनं हातावर पाणी ओतलं.

"बाई, सकाळपासून काय खाल्लं तुम्ही?"

"काही नाई."

"काऊन?"

"मले मरायचं नाई, रुखमा. म्हणून खात नाई."

रुखमा उठून चुलीपाशी गेली. तिनंच देग उतरवली. बिर्याणी खारट झाली होती. पाहुण्यांच्या ताटांत राहिलेला भात बाईंना लांबूनही दिसत होता, आणि भाजलेल्या हातापेक्षा ते जास्त झोंबलं.

भाजलेला हात दाखवायला गेल्या, तेव्हा डॉक्टर चिडले. चरबीबरोबर अंगातली ताकदही चालली आहे, म्हणाले. अशा अंगावर जखम भरायची कशी? डाळ, अंडी, मासळी, दही, पालेभाजी रोज पोटात गेली पाहिजे. भात आणि तेल कमी करा. आवडीचं थोडं खा, पण उपाशी राहू नका.

घरी ताटात वाटीभर भात, त्याच्या दुप्पट वरण, बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या शेंगांची भाजी किंवा तलावातल्या मासळीचं कमी तेलाचं कालवण येऊ लागलं. दावतीत देगेपाशी चाखायला एकच चमचा. मग पाहुण्यांसारखं बसून बिर्याणीचं छोटं ताट, सोबत काकडी आणि दही. पहिल्यांदा अशा बसल्या तेव्हा, इतकी वर्षं शिजवलेली बिर्याणी आपण कधी सावकाश खाल्लीच नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलं. तरी आपण थांबू की नाही, ही भीती प्रत्येक घासाला होती. वजन आता हळूहळू उतरायचं, कधी महिनाभर अडून राहायचं. दिवसातून कितीदा तरी त्या गाठ चाचपून पाहायच्या.

एका दुपारी आरमोरीहून परतताना जीपमध्ये गाठ दगडासारखी झाली. घाम फुटला, मळमळायला लागलं. रुखमानं ड्रायव्हरला जीप थेट दवाखान्यात न्यायला लावली. डॉक्टरांनी त्यांना आडवं झोपवून फार वेळ हलक्या हातानं गाठ दाबली, तेव्हा ती आत गेली. निरोप मिळून आलेला जाफर दाराशी उभा होता. डॉक्टर त्याला म्हणाले, "आता थांबता येणार नाही. ऑपरेशन उद्याच करू."

त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर वजन अजून आलं नव्हतं. पण टाके टिकले, जखम भरली.

त्यानंतर खुर्शीदाबाई काही बारीक झाल्या नाहीत. ईदच्या दिवसांत वजन थोडं चढायचं, मग उतरायचं. देग उचलायचं काम त्यांनी सोडलं, शिजवायचं मात्र नाही. दावतीच्या डालच्यात, म्हणजे गोश्त घातलेल्या वरणात, त्या आता डाळ आणि दुधी जास्त घालतात. कोणी विचारलं तर म्हणतात, मलेही जेवायचं असते.