डावीकडची खुर्ची

बाबांना अटॅक आला तो डोक्याचा. आमच्या गावात छातीचा अटॅक सगळ्यांना कळतो. डोक्याचा समजावून सांगावा लागतो, आणि सांगणाऱ्यालाही तो पुरता कळलेला नसतो. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालीये, डावा लुळा हात-पाय हळूहळू सुधारेल, बीपी वाढू देऊ नका, मनाला त्रास होईल असं काही बोलू नका. मला पुष्कळ विचारायचं होतं. पण डॉक्टर उभ्याने बोलत होते, आणि उभ्याने बोलणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायची मला लहानपणापासून भीती वाटते. मी ‘हो’ म्हणाले आणि आम्ही बाबांना कोनला, आमच्या गावी, घरी घेऊन आलो.

बाबांच्या मनाला त्रास होईल असा विषय घरात एकच होता, तो म्हणजे काका. हे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ, राहायला आमच्या मागच्याच आळीत. त्यांच्या मुलाच्या हळदीला रस्त्यावर भला मोठा बॅनर लागला होता. त्यावर बाबांचा फोटो खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, स्टॅम्पएवढा. वर काकांच्या शेजारी मात्र कुठलासा पुढारी हात जोडून उभा. बाबा हळदीला गेले नाहीत, लग्नाला गेले नाहीत, आणि त्यानंतर भावाशी एक शब्द बोलले नाहीत. काकांचं म्हणणं, चूक छापणाऱ्याची. छापणाऱ्याचं म्हणणं कुणी विचारलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात काकांचं नाव काढायचं नाही असा कायदा होता, आणि आता त्याला डॉक्टरांचीही मंजुरी मिळाली.

बाबांची खाट हॉलमध्ये टाकली. उजव्या हाताला टीव्ही, सोफा आणि स्वयंपाकघर, डाव्या हाताला बाहेरचं दार. आजाऱ्याला बघायला न जाणं हे आमच्याकडे आजारापेक्षा गंभीर समजतात, त्यामुळे दार बंद म्हणून राहिलं नाही. खारबावची आत्या आली, मामा आले, आमच्या शेतात उभ्या राहिलेल्या गोडाऊनचा वॉचमनसुद्धा आला. सगळे आत येऊन सोफ्यावर बसत आणि आपापल्या ओळखीत अशा अटॅकने कोण कोण गेलं ते बाबांना सविस्तर सांगत.

काकाही आले, अगदी पहिल्याच संध्याकाळी. ते सोफ्यापर्यंत मात्र आले नाहीत. दाराजवळची प्लॅस्टिकची खुर्ची ओढून खाटेच्या डाव्या अंगाला बसले, म्हणजे अपमान झालाच तर उठून जायला सोपं. बोलले काहीच नाहीत. आधी बोलेल तो हरला, असा दोघांचा हिशेब. आईने मुकाट्याने चहा दिला, काकांनी मुकाट्याने घेतला, आणि बाबांनी एकदाही मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढे रोजचंच. काका येत, बसत, जात. बाबा टीव्हीकडे बघत. मी मनात म्हणायचे, काय हा ताठा! अर्धा देह निकामी झाला, पण नाक जागच्या जागी आहे.

तशा बाबांच्या बाकीच्या तऱ्हाही वाढल्या होत्या. ताटातला उजवीकडचा भात संपवायचे आणि आईवर ओरडायचे, “इतकुसा भात? मी काय बाल हाय?” आईने ताट फिरवून ठेवलं की उरलेला बघून आणखी चिडायचे, “ह्यो आधी कुठं लपवला व्हतास?” दाढी स्वतःच्या हाताने करायचा हट्ट, आणि डावा गाल तसाच. दारातून नेताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा आणि बाबा म्हणायचे, दार अंगावर येतं. शेवटी ते खाटेवरून उठायलाच घाबरायला लागले. या माणसाने कधी नांगराच्या बैलाला घाबरून पाऊल मागे घेतलं नव्हतं. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी चिडत होते.

एका संध्याकाळी आत्या गेल्यावर बाबा मला म्हणाले, “सगले आले मना बघाला. लांब लांबशी आले. येक त्योच न्हाय आला.”

“कोण?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“माजा भाव.”

काका हातभर अंतरावर कप घेऊन बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मी बाबांना सुनावलं, “आजारी माणसाने थोडी तरी जनाची लाज ठेवावी.” बाबा इतक्या भाबड्या चेहऱ्याने “मी काय केला?” म्हणाले की माझं डोकं आणखी फिरलं.

त्याच आठवड्यात फिजिओथेरपीवाली मुलगी येऊ लागली. भिवंडीतली, स्कूटीवरून यायची, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायची. तिने आधी हात-पाय बघितलेच नाहीत. आईला म्हणाली, “बाबांना जेवायला वाढा, मी बघते.” ताट अर्धं झालं. बाबा अर्ध्या भातावर ओरडले. ती हसली नाही की रागावली नाही. नुसती उठली, खाटेच्या डाव्या अंगाला गेली आणि तिने हात हलवला. बाबांना पत्ता नाही.

मग ती फरशीवर मांडी घालून बसली. बसून बोलणारं माणूस मिळालं म्हणून मी एकदाचं विचारलं, “डोळे गेलेत का?”

“डोळे एकदम ठीक आहेत. मेंदू डावीकडची दखल घेत नाहीये. त्यांच्यासाठी डावीकडे अंधार नाही, काहीच नाही. आणि काही कमी आहे हेही त्यांना माहीत नाही. जिद नाहीये ती, ताई.”

मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. इतके दिवस बाबा भावाची वाट बघत होते, आणि भाऊ शेजारीच बसून होता.

तिला थांबायला सांगून मी तशीच काकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “टीवी दिसतं, बायको दिसते, आत्या दिसते. मीच येकटा दिसत न्हाय? भारी हुशार मेंदू हाय त्याचा.” मी पुन्हा सांगितलं. मग ते हळूच म्हणाले, “समज, दिसलो, आनी दिसूनशी त्यानं तोंड फिरवला त?”

तरी काका चप्पल घालून आले.

दारात आल्यावर बाबांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, “मी सोफ्यावं बसतू ना, दिसंन त्याला.” मुलगीही हळूच म्हणाली, “तिकडे नंतर बसा, काका. सगळेच उजवीकडे बसले तर डावी बाजू परत कशी येणार? इथेच बसा. हात धरा त्यांचा.”

काका बसले. हात धरायला त्यांना वेळ लागला. मग तिने दाखवलं तसं पंज्यापासून कोपरापर्यंत चोळू लागले, नजर भिंतीवर ठेवून. तिने बाबांचा उजवा हात उचलून त्यांच्याच डाव्या हातावर नेला आणि तिथून काकांच्या हातावर.

“हात कुनी धरलाय?” बाबांनी विचारलं.

“तुम्हीच बघा. आराम से, घाई नाही.”

बाबांची मान सरकली, मध्यावर येऊन थांबली. तिथे त्यांचं जग संपत होतं. त्यांना भीती वाटत असावी, कपाळावर घाम आला. पुन्हा टीव्हीकडे वळले. कुणी “अहो, इकडे बघा ना” म्हणून ओरडलं नाही, कारण मुलीने आम्हाला तंबी दिली होती. आईने पदर तोंडाशी धरला होता. काका चोळत राहिले. मान पुन्हा मध्यापर्यंत आली, थांबली, आणि या वेळी थोडी थोडी करत पलीकडे गेली.

बाबा भावाच्या तोंडाकडे बघत राहिले.

“कवा आलास?” बाबांनी विचारलं.

काकांनी हात सोडला नाही.

“आताच,” ते म्हणाले.